कामी आले : दोन नावांच्या एका शिळेची हकीकत

दगडावर अक्षरे कोरणारा कारागीर अक्षरांच्या संख्येवर पैसे घेतो, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळले. डिचोलीच्या बाजारामागे त्याचे दुकान आहे. मी मजकुराचा कागद पुढे केला तेव्हा त्याने तो वाचलाच नाही, पेन्सिलीच्या टोकाने एकेक अक्षर मोजले, जोडाक्षरापाशी थांबला, ते एक धरायचे की दोन याचा स्वतःशीच निवाडा केला आणि म्हणाला, "मास्तर, 'शांतिसैनिक' हा शब्द दोनदा आला आहे. एकदा काढला तर?" तो शब्द तिथे दोनदा का आला होता आणि अखेरीस एकदाही का राहिला नाही, हे सांगण्यासाठी मला पावणेदोन वर्षे मागे जावे लागेल.

आमचे गाव गोव्यात, डिचोली तालुक्यात, दोडामार्गच्या हद्दीपासून फार दूर नसलेले. या गावातले दोन जवान परदेशी भूमीवर शांतता राखण्याच्या कामावर गेले आणि परत आले नाहीत. त्यांची नावे मी इथे देत नाही; दोन्ही घरांची तशी इच्छा आहे. पहिला श्रीलंकेत गेला. २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला, दुसऱ्या दिवसापासून आपले सैन्य तिथे उतरू लागले आणि वृत्तपत्रांनी त्याला 'शांतिसेना' हे नाव दिले. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून तेव्हा दोनच महिने झाले होते आणि गाव अजून त्या आनंदात होते. ऑक्टोबरात त्याच शांतिसेनेवर लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढण्याची वेळ आली आणि जाफना घेण्याच्या लढाईत हा जवान पडला. घरी आधी तार आली, मग अस्थी. देहाचे दर्शन कोणालाही झाले नाही. दुसरा माझा विद्यार्थी. चौथीत असताना तो माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा आणि त्याला पाढ्यांपेक्षा गाड्यांचे नंबर अधिक पाठ असत. तो संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेवर काँगोच्या पूर्व भागात, गोमा शहराजवळच्या भारतीय तुकडीत होता. पावसात डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर गाडी उलटून तो गेला. त्याची शवपेटी दाबोळीच्या विमानतळावर उतरली, तेव्हा अर्धा गाव तिथे होता.

स्मारकाची कल्पना माझी नव्हे. पहिल्या जवानाचे थोरले बंधू, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, एका सकाळी माझ्याकडे आले. दिल्लीत राहणाऱ्या त्यांच्या भाच्याने त्यांना मोबाइलवर एक छायाचित्र पाठवले होते. २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारक खुले झाले, त्याच्या त्यागचक्राच्या भिंतींवर पंचवीस हजारांहून अधिक नावे एकेका ग्रॅनाइटच्या विटेवर कोरलेली आहेत, आणि श्रीलंकेत पडलेल्यांची नावेही त्यांत आहेत. छायाचित्रात आबांच्या भावाची वीट होती. आबा बराच वेळ ती बोटांनी मोठी करून पाहत राहिले आणि म्हणाले, "दिल्लीत फातर आसा, मास्तर. गांवांत ना." दगड दिल्लीत आहे, गावात नाही. त्याच सुमारास पंचायत नव्या बसथांब्याला कोणाचे तरी नाव देण्याच्या विचारात होती आणि एका पंचाने या दोघांची नावे सुचवली होती. आबांनी ते तिथल्या तिथे नाकारले. बसथांब्याला नाव दिले की त्याखाली जाहिराती चिकटतात, हे त्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही.

जुलैच्या ग्रामसभेत ठराव मांडण्याचे काम माझ्याकडे आले. मला वाटले होते, टाळ्या वाजतील आणि पुढचा विषय येईल. तसे झाले नाही. एका पंचाने सरळ विचारले की श्रीलंकेतला जवान लढाईत पडला हे मान्य, पण गाडी उलटून मेलेल्याचे स्मारक कसे करायचे. खाणींच्या रस्त्यावर ट्रकखाली आमच्या तालुक्यातली किती माणसे गेली, त्यांचे कोणी दगड उभारले का? प्रश्न उद्धट वाटला तरी फेकून देण्याजोगा नव्हता, कारण विचारणाऱ्याचा स्वतःचा भाऊ खाणीच्या रस्त्यावरच गेलेला आहे. दुसऱ्याने उलट टोक धरले. श्रीलंकेतली फौज दोन देशांमधल्या करारामुळे गेली होती, ती संयुक्त राष्ट्रसंघाची नव्हती. मग तिच्यातल्या जवानाला काँगोतल्या जवानाच्या ओळीत कसे बसवायचे? म्हणजे एकाच सभेत एकाचा मृत्यू कमी पडत होता आणि दुसऱ्याची फौज.

मी तयारीने गेलो नव्हतो, पण शिक्षकाच्या डोक्यात सनावळ्या पडलेल्या असतात. मी त्यांना डिसेंबर १९६१ ची आठवण दिली. त्या महिन्याच्या १८ तारखेला भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि त्यातली एक फळी आमच्याच बाजूने, दोडामार्गकडून आली, हे गावातल्या म्हाताऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच्या तेराच दिवस आधी, ५ डिसेंबरला, काँगोतल्या एलिझाबेथव्हिल शहरात कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया संयुक्त राष्ट्रसंघाच्या निळ्या झेंड्याखाली लढताना पडले. मूठभर गुरखा जवानांना घेऊन त्यांनी कितीतरी मोठ्या तुकडीवर चाल केली होती. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मोहिमेत ते मिळवणारे ते एकटेच. आणि त्याच वर्षी, १८ सप्टेंबरला, संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड काँगोतला संघर्ष थांबवण्यासाठी निघाले असताना आजच्या झांबियातल्या एन्डोलाजवळ त्यांचे विमान कोसळले. मोहिमेवर मृत्यू आलेल्या शांतिसैनिकांच्या घरी आज जे पदक जाते, ते त्यांच्याच नावाचे आहे. विमान कोसळून गेलेल्या माणसाच्या नावाचे पदक ज्याच्या घरात आहे, त्याची गाडी उलटली म्हणून आपण त्याला बाहेर ठेवायचे का, असे मी विचारले. आकडेही सांगितले. १९४८ पासून जगभरच्या मोहिमांत ४,३०० हून अधिक शांतिसैनिक गेले, त्यांत भारताचे पावणेदोनशेच्या वर, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा अधिक. आणि या एकूण मृत्यूंत हल्ल्यांपेक्षा आजार आणि अपघात यांनी जास्त बळी घेतले आहेत. जिथे रस्ता नाही, औषध नाही, तिथेच ही माणसे पाठवली जातात. ठराव मंजूर झाला. खाणीचा प्रश्न विचारणाऱ्या पंचाने हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही.

जागेची कथा मी थोडक्यात उरकतो, कारण गोव्यात जागेची कथा सांगू लागले तर ती संपत नाही. तिठ्यावरचा जो कोपरा आम्ही ठरवला होता, त्याच्या जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढला तेव्हा तो कोमुनिदादीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या गावसंस्थेचा निघाला. कोमुनिदादीचा कारभार आजही ज्या संहितेने चालतो, ती पोर्तुगीजांनी एप्रिल १९६१ मध्ये, जायच्या आठ महिने आधी केलेली आहे, आणि दोन मीटर रुंदीच्या दगडासाठी तिच्यात वेगळी वाट नाही. अर्ज केला, नकाशा जोडला, तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेला, तिथून सही नसल्याच्या कारणाने परत आला, सही घेऊन पुन्हा गेला, आणि असे अकरा महिने गेल्यावर आबांनी एके दिवशी आपल्याच भाटाचा रस्त्याकडचा कोपरा दाखवला आणि इथे करा म्हणाले. रस्ता रुंद होईल तेव्हा दगड हलवावा लागू नये म्हणून मध्यापासूनचे अंतर मोजून घेतले, एक माड तोडावा लागला, आणि पंचायतीचा परवाना दीड महिन्यात मिळाला. अकरा महिने ज्या कोपऱ्यासाठी घालवले, तिथे आता गाडा उभा राहतो आणि त्यावर संध्याकाळी रस ऑम्लेट मिळते.

परवान्याची वाट पाहत असताना नोंदी जमवण्याचे काम चालू होते आणि सगळ्या व्यवहारात मला खरा रस त्यातच होता. दगडावर चूक झाली तर ती खोडरबराने पुसता येत नाही. आबांच्या भावाचे आडनाव शाळेच्या जनरल रजिस्टरात 'स'ने संपते आणि घरात जपून ठेवलेल्या पलटणीच्या कागदात 'श'ने. जन्मतारीख दोन्हीकडे १ जून. या तारखेवर मी विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवला नाही ते कोणताही जुना शिक्षक सांगेल. पालकांना तारीख आठवत नसली की आमच्या आधीच्या पिढीतले मास्तर सरसकट १ जून लिहीत. आमच्या रजिस्टरांत त्या दिवशी जन्मलेल्यांची एक पलटणच उभी राहील. मी पत्र लिहिले, उत्तर आले, आणि मग आबांना घेऊन चोर्ला घाटाने बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात गेलो. तिथल्या सुभेदार साहेबांनी आम्हाला चहा पाजला आणि नोंद पडताळून दिली. परत निघण्यापूर्वी त्यांनी आवारातले शरकत स्मारक दाखवले. शरकत हे मेसोपोटेमियातले, म्हणजे आजच्या इराकमधले ठिकाण. १९१८ मध्ये तिथे झालेल्या लढाईत मराठा पलटण लढली होती. आबा त्या नावाचा उच्चार दोनतीनदा करून पाहत होते. घाट उतरताना ते म्हणाले की आपली माणसे कुठेकुठे जाऊन पडली, त्या गावांची नावेसुद्धा आपल्याला नीट घेता येत नाहीत. शेवटी आडनाव आम्ही घरच्यासारखे ठेवले आणि जन्मतारीख दिलीच नाही. मृत्यूची तारीख तेवढी कोरायची, कारण तिच्याबद्दल सगळ्या कागदांचे एकमत होते.

दुसऱ्या घरी जाणे मला जड गेले. वहिनींनी, म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या पत्नीने, कपाटातून निळी टोपी, एक छायाचित्र आणि ते हॅमरशोल्ड पदक काढून टेबलावर ठेवले. सुरक्षा परिषदेने १९९७ मध्ये सुरू केलेले हे पदक धातूचे नाही. अंड्याच्या आकाराचे, पारदर्शक स्फटिकाचे आहे आणि त्यावर नाव व मृत्यूची तारीख कोरलेली असते. "हातात धरले, सर, तर आपलेच बोट पलीकडून दिसते," त्या म्हणाल्या. छायाचित्रात तो कोळशासारख्या काळ्या जमिनीवर उभा होता. २००२ मध्ये न्यिरागोंगो ज्वालामुखीचा लाव्हा गोमा शहरात शिरला, त्याचा तो थर. लोक त्याच्यावरच पुन्हा घरे बांधून राहतात. तांबड्या चिऱ्याच्या मुलखातला मुलगा त्या काळ्या जमिनीवर हसत उभा होता. पत्रात त्याने लिहिले होते की इथली मुले गाडीमागे धावत येतात, आणि त्यांना द्यायला खिशात बिस्किटे ठेवतो.

छायाचित्रातल्या टोपीवरचे राष्ट्रसंघाचे चिन्ह, ऑलिव्हच्या दोन फांद्यांमध्ये जगाचा नकाशा असलेले, शिळेवर वरच्या बाजूला कोरावे असे आमच्या समितीने ठरवले होते. कारागिराने त्याचा नमुनाही काढला होता. मी सहज चौकशी केली आणि थांबलो. ७ डिसेंबर १९४६ रोजी राष्ट्रसंघाच्या आमसभेने हे चिन्ह स्वीकारले, त्याच ठरावात सरचिटणीसांच्या परवानगीवाचून ते कोणी वापरू नये असेही म्हटले आहे. मग तरुण मंडळींनी अशोकस्तंभाचे सिंह सुचवले. तर राजमुद्रेच्या वापरावर २००५ चा कायदा उभा. न्यूयॉर्कला पत्र लिहावे असाही एक विचार निघाला, पण कोमुनिदादीचे अकरा महिने सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होते.

यातून वाट कारागिराने काढली. तो म्हणाला, "वीरगळावर काय असते, मास्तर?" सत्तरी आणि डिचोलीच्या देवळांच्या आवारांत वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या जुन्या स्मरणशिळा, पडलेले आहेत आणि आमच्याही देवळामागे एक आहे, अर्धा मातीत गेलेला. जुन्या गोव्याच्या संग्रहालयात कदंबकाळातले असे दगड मी मुलांच्या सहलीत कितीदा दाखवले होते. काहींवर तर गलबतांतली लढाई आहे. त्यांचा क्रम ठरलेला असतो. खालच्या चौकटीत वीर कसा पडला ते, मधल्यात अप्सरा त्याला वर नेतात, त्यावर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. आम्ही तो दगड धुऊन पाहिला. चौकटींचा विचार मी फार वेळ केला, पण खालच्या चौकटीत काय दाखवायचे, या प्रश्नाशी प्रत्येक वेळी अडलो. एकासाठी बंदूक दाखवली तर दुसऱ्यासाठी उलटलेली गाडी दाखवावी लागेल, आणि ते चित्र रोज येताजाता वहिनींनी पाहायचे? चौकटी सोडल्या. आकार वीरगळाचा घेतला आणि माथ्यावर फक्त चंद्र-सूर्य ठेवले. त्यांना कोणाची परवानगी लागत नाही.

उरला मजकूर, आणि त्याने दोन महिने खाल्ले. लिपीचा वाद मी भीतभीतच अपेक्षिला होता, पण तो झाला नाही. आमच्या गावात बोलायची कोंकणी आणि लिहायची मराठी, हे दोन्ही घरांना इतके सवयीचे आहे की कोणी तो विषयच काढला नाही. वाद एका शब्दाचा होता. पहिला मसुदा 'शहीद' असा होता. लष्करातून निवृत्त झालेल्या एका गावकऱ्यानेच त्याला हरकत घेतली. सैन्यदलांत या शब्दाला अधिकृत अर्थ नाही, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितलेले आहे आणि लष्कराच्या कागदांत लढाईतला मृत्यू व इतर कारणांनी झालेला मृत्यू अशी वर्गवारी असते, हे त्यांनी समजावले. तो शब्द ठेवला असता तर ग्रामसभेतला प्रश्न दगडावर कायमचा चिकटला असता. 'हुतात्मा' म्हणावे, तर गोव्यात तो शब्द पत्रादेवीचा आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला जे निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांपुढे गेले, त्यांचा. मुक्तिलढ्यात तुरुंग भोगलेल्या घरातल्या एका बाईंनी मला शांतपणे सांगितले की सगळ्यांना एकच शब्द वाटला की तो कोणाचाच राहत नाही. म्हणून मी 'शांतिसैनिक' आणला, आणि दोघांच्या नावापुढे एकेकदा लिहिला. त्यावर आमच्या वाचनालयाचे वृद्ध ग्रंथपाल म्हणाले की शांतिसेना विनोबांची, आणि तिच्या हातात काठीदेखील नव्हती. ते तत्त्वाला धरून बोलत होते, पण तोवर माझा धीर सुटत चालला होता.

त्या रात्री मी जुन्या मराठी कागदपत्रांचा एक खंड चाळत बसलो होतो. स्मारकासाठी नव्हे, झोप येत नव्हती म्हणून. लढाईची बातमी कळवताना कारकून लिहितात, अमुक सरदार कामास आले, इतकी माणसे कामास आली. कोण तलवारीने, कोण नदीत वाहून, कोण तापाने, याचा हिशेब तो शब्द मागत नाही. स्वारीवर होता आणि स्वारीच्या कामात गेला, एवढेच तो सांगतो. आजच्या बोलण्यात त्याचे 'कामी आले' झाले आहे, आणि आता आपण तो बहुधा वस्तू उपयोगी पडली या अर्थानेच वापरतो. सकाळी मी दोन्ही घरी जाऊन तो वाचून दाखवला. आबा लगेच हो म्हणाले. वहिनींनी कागद हातात घेतला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "सर, ते कामावरच गेले होते. हेच बरोबर आहे." त्यामुळे शिळेवर आता दोन नावे, हुद्दे, पलटण, ठिकाण, तारीख, आणि खाली एकच ओळ आहे : 'परमुलखात शांतता राखताना कामी आले.' कारागिराने पुन्हा अक्षरे मोजली आणि पहिल्या मजकुरापेक्षा बिल कमी झाले, याचे त्याला वाईट वाटलेले दिसले नाही.

तारखेवरून शेवटची ओढाताण झाली. २९ मे हा शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिवस आहे. १९४८ मध्ये याच दिवशी राष्ट्रसंघाची पहिली शांतिमोहीम ठरली आणि २००३ पासून तो दिवस पाळला जातो. ३० मे हा गोव्याचा घटकराज्य दिन. पंचायतीचे म्हणणे असे की मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे ३० तारखेला असणारच आहेत, तर एका खर्चात दोन कामे होतील. व्यवहार त्यांच्या बाजूने होता. मी २९ वर अडून बसलो, आणि कदाचित थोडा जास्तच अडलो. पण १९८७ मध्येही याच सणाच्या गडबडीत आम्ही त्या जवानाला निरोप न देता पाठवले होते, हे मला आठवत होते.

म्हणून २९ तारखेला मंडप नव्हता. पावसाळ्यापूर्वीच्या सरी सुरू झाल्या होत्या, चुना ओला राहिला होता आणि चिऱ्यांच्या चौथऱ्यावर ताडपत्री धरून चार मुले उभी होती. दोन माजी सैनिकांनी सलामी दिली. बिगुल नव्हते; एकाने मोबाइलवर लास्ट पोस्ट, म्हणजे मृत सैनिकांसाठीची बिगुलाची धून, लावले, मध्येच कोणाचा तरी फोन आला आणि ते तुटले, मग त्याने पुन्हा सुरुवातीपासून लावले आणि सगळे पुन्हा तसेच स्तब्ध उभे राहिले. खाणीचा प्रश्न विचारणारा पंच आला होता. त्याने नारळ आणला होता. दुपारपर्यंत कोणीतरी शिळेला कुंकू लावले, उदबत्ती खोचली, जसे देवळामागच्या वीरगळाला लावतात तसे. समितीतल्या तरुणांनी स्मारकाचे देवस्थान होईल अशी तक्रार माझ्याकडे केली. मी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी घटकराज्य दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर पाहुण्यांच्या गळ्यातले दोन हार शिळेवर आले. रात्री तिथे अंधार असतो. विजेच्या दिव्यासाठी पंचायतीने अर्ज केला आहे, मीटर कोणाच्या नावावर घ्यायचा हे अजून ठरलेले नाही. तोवर आबा तिन्हीसांजेला घरची पणती आणून ठेवतात आणि वारा असेल तर तिच्यापुढे एक चिरा उभा करतात.